घर येजो

सावद्याला, मस्कावदच्या रस्त्यावर
ललित झोपेंच्या केळी पिकवायच्या खोलीत
‘कळणा’चा कार्यक्रम.
दोन ट्रक भरून गेले की मधे दोन दिवस
खोली रिकामी असते, म्हणून.
तिकीट दीडशे. पावती आमच्या पतपेढीच्या पावतीसारखीच पिवळी.

चार वर्षं मी यांना ऐकते ते डाव्या कानाने,
उजवा काउंटरसाठी मोकळा ठेवून.
फैजपुरात अजून कुणी ऐकत असेल
असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

‘येताना शाल आणा’ असं पोस्टरवर होतं.
मे महिना. मला वाटलं, गंमत.
जाड दार ढकललं: बाहेर बेचाळीस, आत अठरा.
चौतीस माणसं. मोजली, सवय आहे.
पालथ्या क्रेटवर बसलेली, भिंतीला टेकलेली,
एक बाई तान्हं घेऊन, त्याच्या कानांवर तिचे तळवे.
आणि मेडिकलवाले फिरके!
आईच्या गोळ्या मी ज्यांच्याकडून घेते ते,
अंगात ‘कळणा’चा पहिला टी-शर्ट, पोटावर ताणलेला.
दोघांनी एकमेकांना असं पाहिलं
की जणू एकाच घरात चोरीला शिरलो.

चार लाकडी पॅलेट जोडली की स्टेज.
कॉम्प्रेसर बंद करता येत नाही, झोपे म्हणाले,
शेजारच्या खोलीत माल आहे.
तर उन्मेषा बऱ्हाटेने वाकून
त्या घरघरीला कान लावला
आणि बेसची जाड तार तिथेच आणून ठेवली.
मग रात्रभर भिंतसुद्धा बँडमध्ये होती.

वाजिद तडवीचा ड्रम म्हणजे अर्धा ड्रम,
उरलेलं केळीचं प्लास्टिकचं क्रेट.
फोनमध्ये जो ठोका मला दार वाजल्यासारखा वाटायचा
तो इथे बरगडीत वाजला. हा फरक
कुणाला समजावून सांगायचा तर सांगू नये.

आणि हेमकांत अहिरराव, धुळ्याचा,
फोटोतल्यापेक्षा बुटका,
खिशात इनहेलर, दोन गाण्यांमधे एकदा ओढतो.
चौथं गाणं. माझं गाणं.
मी आधीच ओठ हलवायला लागले,
‘रात व्हयनी, घर जाजो.’
चौतीस जण म्हणाले, ‘घर येजो.’

येजो?

पुन्हा आलं. पुन्हा येजो.
तान्ह्याची आई म्हणतेय, येजो.
फिरके डोळे मिटून, येजो.
चार वर्षं मी त्या खरखरीत ‘जाजो’ ऐकलं होतं,
त्याच्या भरवशावर एकाला नाही म्हटलं होतं,
भुसावळ स्टँडवर, उभ्याउभ्या,
सुरतची गाडी लागलेली असताना.
तसं काही नाही. म्हटलंच असतं.
पण गाण्याला साक्षीला धरलं होतं ना.

संपल्यावर प्रत्येकाला दोन केळी.
हेमकांत दाराशी बसून सोलत होता.
विचारलं, खरं काय आहे? जा की ये?
त्याने एक घास खाल्ला, मग म्हणाला,
‘कधी जाजो म्हनस, कधी येजो.
दिन देखीसन.’
‘आणि रेकॉर्डमध्ये?’
‘रेकॉर्डना येळले माले सर्दी व्हयेल व्हती.’

साडेदहाला स्कूटीची सीट अजून तापलेली.
शाल डिकीत, हातांना केळीचा वास.
पुढे फिरकेंचा लाल दिवा,
मागे मी, मुद्दाम नाही, रस्ता एकच आहे.
फैजपूरच्या फाट्यावर ते आमोद्याकडे वळले
आणि हॉर्न दिला, दोनदा,
थांबून एकदा.
वाजिदचा ठोका.

माझा हॉर्न दिवाळीपासून बंद आहे.
मी तोंडानेच म्हटलं,
रिकाम्या फाट्यावर, एवढ्या मोठ्याने
की पानटपरीवाल्याने मान वर केली.
काय म्हटलं ते सांगत नाही.
दिवस बघून.